आपला दरवाजा किती रांगांवर?

२ जानेवारी २०२४ची संध्याकाळ. साप्पोरोहून निघालेलं जपान एअरलाइन्सचं ५१६ क्रमांकाचं विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलं आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन ते छोटं विमान निघायच्या तयारीत होतं. त्यातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमान पेटलेल्या अवस्थेत घसरत बरंच पुढे जाऊन थांबलं. आत ३७९ माणसं होती. त्यांत दोन वर्षांखालची आठ मुलंही होती.

केबिनमध्ये धूर शिरत होता. घोषणा करायची यंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी मेगाफोन हातात घेतले आणि ओरडून सूचना दिल्या. विमानाला आठ दरवाजे होते, पण आगीमुळे त्यांतले फक्त तीन वापरता आले. मागच्या डाव्या दरवाजाजवळच्या कर्मचाऱ्याचा वैमानिकांशी संपर्क होत नव्हता. बाहेर आग नाही याची खात्री करून त्या कर्मचाऱ्यानं स्वतःच्या निर्णयानं तो दरवाजा उघडला. प्रवासी घसरगुंडीवरून उतरले आणि विमानापासून दूर पळाले. हातात बॅग घेतलेलं जवळजवळ कुणी नव्हतं. सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरले. त्यानंतर विमान पूर्ण जळून गेलं, पण त्यातल्या ३७९ जणांपैकी एकालाही जीव गमवावा लागला नाही.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी या घटनेला चमत्कार म्हटलं. विमान सुरक्षेचा अभ्यास करणारे मात्र तिला चमत्कार म्हणत नाहीत. सहज न पेटणारं आसनांचं कापड, जमिनीवरचे दिशादर्शक दिवे, दर वर्षी नव्यानं होणारं कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि सामान सोडून उठलेले प्रवासी, असं सगळं त्या संध्याकाळी जुळून आलं होतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी विमान कंपनी आणि सरकार यांच्या हातात असतात. चौथी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असते.

वाचण्याची शक्यता किती?

विमान पडलं की सगळं संपलं, असा बहुतेकांचा समज असतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान कोसळलं आणि त्यातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. असे अपघात मनात कायमचे घर करतात. त्यामुळे सुरक्षेच्या सूचना ऐकून उपयोग काय, असं कुणालाही वाटू शकतं.

आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८३ ते २००० या काळातल्या अमेरिकी विमान कंपन्यांच्या ५६८ अपघातांचा अभ्यास केला. त्या विमानांत एकूण ५३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतली ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत राहिली. यात किरकोळ अपघातही धरले आहेत, हे खरं. म्हणून मंडळानं गंभीर अपघात वेगळे काढले. आग लागली, माणसं जबर जखमी झाली आणि विमानाची मोठी हानी झाली असे ते २६ अपघात होते. त्यांतही निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५६ टक्के माणसं वाचली होती.

महाराष्ट्रातलाच दाखला पाहता येतो. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानानं औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून मुंबईसाठी उड्डाण केलं. धावपट्टी संपते तिथून जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक होता. विमानाची चाकं त्याला धडकली, पुढे विमान विजेच्या तारांत सापडलं, कोसळलं आणि पेटलं. ११८ जणांपैकी ५५ जण गेले. उरलेले ६३ जण त्या आगीतून जिवंत बाहेर आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे घसरलं, खालच्या उतारावर कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. नागपूरशी नातं असलेले कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानात १९० माणसं होती. म्हणजे १६९ जण वाचले. आसपासच्या गावकऱ्यांनी करोनाच्या भीतीचा विचार न करता त्यांना बाहेर काढलं आणि मिळेल त्या गाडीनं रुग्णालयात पोचवलं.

अशा अपघातांत पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या माणसापुढे दुसरं संकट उभं राहतं, ते आगीचं आणि धुराचं. तयारीचा सगळा उपयोग इथे होतो.

नव्वद सेकंद

प्रवासी विमान बाजारात आणण्यापूर्वी कंपनीला एक परीक्षा द्यावी लागते. विमान माणसांनी पूर्ण भरायचं, अंधार करायचा, मार्गिकांत उशा, ब्लँकेटं, बॅगा टाकून अडथळे करायचे आणि निम्मेच दरवाजे वापरू द्यायचे. कोणते दरवाजे उघडणार हे आतल्यांना आधी सांगायचं नाही. एवढं करून सगळी माणसं ९० सेकंदांत खाली उतरली पाहिजेत. एअरबस ए३८० या दुमजली विमानाची परीक्षा मार्च २००६मध्ये हॅम्बुर्गला झाली. १६पैकी आठ दरवाजांतून ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली.

ही मर्यादा विनाकारण ठरलेली नाही. बाहेर इंधन पेटलेलं असलं की आग विमानाच्या सांगाड्यातून आत शिरायला फार वेळ घेत नाही. आत शिरल्यावर आसनं, पडदे, प्लॅस्टिकचे भाग तापत जातात, त्यांतून पेट घेणारे वायू साचतात आणि एका क्षणी सगळी केबिन एकदम भडकते. त्याच्या आत बाहेर पडावं लागतं. हानेदाला सगळे उतरायला सुमारे १८ मिनिटं लागली. तिथे आग केबिनमध्ये शिरायला वेळ लागला म्हणून तेवढा अवधी मिळाला. दर वेळी तो मिळेल असं धरून चालता येत नाही.

हा धडा मँचेस्टरमध्ये फार मोठी किंमत मोजून मिळाला. २२ ऑगस्ट १९८५च्या सकाळी ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७ सुट्टीसाठी निघालेल्या प्रवाशांना ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर नेत होतं. धावपट्टीवर वेग घेत असताना डाव्या इंजिनाचा भाग फुटला आणि त्याच्या तुकड्यानं पंखातली इंधनाची टाकी फोडली. वैमानिकांना टायर फुटल्यासारखं वाटलं. त्यांनी उड्डाण रद्द करून विमान धावपट्टीवरून बाजूला वळवलं. विमान हवेत गेलंच नव्हतं, अग्निशमन दल जवळच होतं, तरी १३७पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. बहुतेकांचा जीव धुरानं घेतला.

तपासात एकेक गोष्ट पुढे आली. पंखावरच्या दरवाजाजवळ बसलेल्या प्रवाशाला तो कसा उघडायचा हे माहीत नव्हतं. उघडला तेव्हा त्याची जड झडप त्याच व्यक्तीच्या अंगावर पडली. पुढच्या बाजूला दोन आडव्या भिंतींच्या मधली वाट इतकी अरुंद होती की माणसं तिथे अडकून पडली. मागचा एक दरवाजा उघडला गेला, पण त्यातून कुणी वाचलं नाही. यानंतर नियम बदलले. आग सहज न धरणारं आसनांचं आवरण, जमिनीलगतचे दिवे, पंखावरच्या दरवाजाजवळ जास्त मोकळी जागा, असे बदल झाले. आजच्या प्रत्येक प्रवाशाला त्यांचा लाभ मिळतो.

क्रॅनफिल्ड विद्यापीठातल्या हेलन म्युअर यांनी नंतर एक प्रयोग केला. जुन्या विमानात स्वयंसेवक बसवले आणि बाहेर पडणाऱ्यांतल्या पहिल्या निम्म्यांना पाच पौंड बक्षीस जाहीर केलं. बक्षीस नसताना माणसं रांगेनं उतरत होती. बक्षीस लागताच तीच माणसं आसनांवरून उड्या मारू लागली, दरवाजात एकमेकांना अडवून बसली. केवळ पाच पौंडांसाठी हे झालं. आग लागल्यावर काय होईल, याचा अंदाज त्यावरून संशोधकांना आला आणि वाटा किती रुंद हव्यात हे ठरवायला मदत झाली.

उड्डाणापूर्वीची पाच मिनिटं

प्रवाशाच्या बाजूनं पहिली तयारी अगदी साधी आहे. जागेवर बसल्यावर पुढचा आणि मागचा जवळचा दरवाजा पाहायचा आणि तिथपर्यंत किती आसनांच्या रांगा आहेत त्या मोजायच्या. धूर भरला की हातभर पलीकडचं दिसत नाही, दिवे गेलेले असतात. अशा वेळी आसनांच्या पाठी चाचपत, रांगा मोजत दरवाजा गाठता येतो. जवळचा दरवाजा अनेकदा पाठीमागे असतो. माणसाचे पाय मात्र ज्या दरवाजातून आत आलो तिकडेच वळतात. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे लक्षात ठेवायचे. ग्रीनिच विद्यापीठातले एड गॅलिया यांनी अनेक अपघातांतून वाचलेल्यांच्या जबान्या तपासल्या. दरवाजापासून पाच-सहा रांगांच्या आत बसलेल्यांना बाहेर पडण्याची संधी जास्त असते, असं त्यांना आढळलं.

अहमदाबादच्या अपघातात वाचलेला प्रवासी ११ए या आसनावर, आपत्कालीन दरवाजाजवळ होता. त्यानंतर ती जागा मागणारे प्रवासी वाढल्याच्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात सुरक्षित आसनाचा ठरावीक क्रमांक नसतो. मँचेस्टरला मागच्या भागात जास्त माणसं गेली. त्याच महिन्यात, १२ ऑगस्ट १९८५ रोजी, जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर कोसळून ५२० जण गेले, तेव्हा वाचलेले चौघे मागच्या भागातले होते. शिवाय विमानांच्या प्रकारानुसार ११वी रांग कुठे पंखाच्या पुढे, कुठे पंखावर, कुठे दरवाजापासून लांब असते.

आपत्कालीन दरवाजाजवळची आसनं पाय पसरायला ऐसपैस जागा मिळते म्हणून लोक जादा पैसे देऊन घेतात. तिथे बसणाऱ्यावर जबाबदारी असते. कर्मचारी त्याला दरवाजा कसा उघडायचा ते वेगळं समजावतात आणि तुम्ही हे कराल का, असं विचारतात. ‘हो’ म्हणण्यापूर्वी नीट विचार करावा. हातात ताकद नसेल, सूचना कळत नसतील, लहान मूल सोबत असेल तर दुसरी जागा मागण्यात कमीपणा नाही. दरवाजा उघडण्यापूर्वी खिडकीतून बाहेर पाहायचं असतं. बाहेर ज्वाळा असतील तर तो दरवाजा बंदच ठेवायचा, कारण तो उघडला तर आगीला आत यायला वाट मिळते.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी कर्मचारी खिडक्यांची झापडं उघडायला, आसन सरळ करायला, समोरचं टेबल मिटायला सांगतात आणि रात्री दिवे मंद करतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. झापड उघडं असलं तर बाहेरची आग कोणत्या बाजूला आहे ते दिसतं. दिवे मंद असले तर डोळे अंधाराला सरावतात. आसन मागे झुकलेलं असलं तर मागच्या प्रवाशाची वाट अडते. बूट काढून पाय मोकळे करायची सवय अनेकांना असते. उड्डाण आणि उतरण्याच्या काही मिनिटांत तरी बूट पायात असावेत, कारण बाहेर काचा, तप्त पत्रा, सांडलेलं इंधन असू शकतं. उंच टाचांच्या चपला घसरगुंडी फाडू शकतात, म्हणून त्या उतरताना काढायला लावतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड वितळून कातडीला चिकटतं. लांबच्या प्रवासाला पूर्ण अंग झाकणारा सुती पोशाख बरा.

बॅग तिथेच राहू दे

३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटलं आणि पोटावर घसरत गेलं. विमानात ३०० जण होते, त्यांत भारतीय सर्वाधिक. आतून काढलेली दृश्यं नंतर साऱ्या जगानं पाहिली. केबिनमध्ये धूर होता, कर्मचारी ओरडून बाहेर पडायला सांगत होते आणि प्रवासी वरच्या कप्प्यांतून बॅगा, लॅपटॉप ओढून काढत होते. सगळे ३०० जण वाचले. विमान थांबल्यानंतर नऊ मिनिटांनी मधल्या इंधन टाकीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचा एक जवान त्यात मरण पावला. कॅप्टन आणि एक वरिष्ठ कर्मचारी त्या वेळीही विमानातच होते. कुणी मागे राहिलं नाही ना, हे ते पाहत होते.

बॅग काढणारा माणूस काही सेकंद घेतो. त्या सेकंदांत त्याच्यामागची सगळी रांग थांबते. चाकांची बॅग घसरगुंडीवरून खाली येताना पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटते, घसरगुंडी फाडू शकते. एक घसरगुंडी निकामी झाली की शेकडो माणसांना एक दरवाजा कमी पडतो. परदेशात कामाला असलेल्या माणसाचा जीव पासपोर्टात अडकलेला असतो, हे समजण्यासारखं आहे. वयस्क प्रवाशाची औषधं बॅगेत असतात. म्हणून उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पासपोर्ट, फोन, पाकीट आणि त्या दिवसाच्या गोळ्या अंगावरच्या खिशात किंवा कमरेच्या छोट्या थैलीत ठेवाव्यात. मग वरच्या कप्प्याकडे हात जायचं कारण उरत नाही.

घसरगुंडीवर बसायचं नसतं, उडी मारायची असते. दरवाजाच्या कडेवर बसून हळूच सरकणारा माणूस मागच्यांना अडवतो. हात छातीवर किंवा समोर ठेवून उडी मारायची, खाली पोचताच उठून विमानापासून लांब जायचं आणि तिथे थांबून चित्रीकरण करायचं नाही, कारण अग्निशमन गाड्या त्याच बाजूनं येत असतात.

मास्क, पट्टा, जॅकेट

आग न लागताही विमानात संकट येतं. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच कर्मचाऱ्यांकडून सुरूच केला गेला नव्हता. विमान वर चढत गेलं तसा आतला दाब कमी होत गेला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले. १६६ प्रवाशांपैकी तिसाहून अधिक जणांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं.

पस्तीस हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणसाला नीट विचार करून हात-पाय चालवायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. आईनं आधी मुलाचा मास्क लावायचा प्रयत्न केला आणि मूल धडपडलं, तर दोघंही बेशुद्ध होतात. म्हणून आधी स्वतःचा मास्क लावायचा. मास्क जोरानं ओढल्याशिवाय अनेक विमानांत ऑक्सिजन सुरू होत नाही. तो नाक आणि तोंड दोन्हींवर हवा. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाच्या इंजिनाचा स्फोट झाला तेव्हाच्या छायाचित्रांत कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. ऑक्सिजन रासायनिक क्रियेतून तयार होत असल्यानं थोडा जळका वास येतो, त्याला घाबरू नये. हा ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो आणि तेवढ्या वेळात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.

खराब हवेतले हादरे हे त्याहून नेहमीचं संकट आहे. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या स्पाइसजेटच्या विमानाला उतरताना जबर हादरे बसले. अनेक जण जखमी झाले आणि मणक्याला मार लागलेल्या एका प्रवाशाचं काही महिन्यांनी निधन झालं. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात म्यानमारवरून जाताना पट्टा बांधण्याचा दिवा लागल्यावर काही सेकंदांतच विमान खाली आपटलं गेलं. पट्टा न बांधलेली माणसं छतावर आदळली. ७३ वर्षांचे एक प्रवासी मरण पावले. स्वच्छतागृहात जाण्याचा वेळ सोडला तर दिवा बंद असतानाही पट्टा कमरेवर, पोटावर नव्हे, घट्ट बांधलेला असावा. रात्री पांघरूण घेतलं तर पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे कर्मचाऱ्यांना तो तपासायला तुम्हाला झोपेतून उठवावं लागत नाही.

हा पट्टा सोडायचा कसा, हेही हाताला माहीत हवं. घाबरलेल्या माणसाचा हात मोटारीच्या पट्ट्यासारखं कमरेच्या बाजूला बटण शोधतो, तर विमानाच्या पट्ट्याची पट्टी मधोमध वर उचलावी लागते. बसल्यावर दोन-तीनदा बांधून-सोडून पाहिलं की हाताला सवय होते.

पाण्यावर उतरण्याची वेळ क्वचित येते. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेनं दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले. विमानातून बाहेर पडताना लाइफ जॅकेट फारच थोड्यांनी घेतलं होतं. कडाक्याच्या थंडीत फेरीबोटी काही मिनिटांत पोचल्या नसत्या तर ती चूक महागात पडली असती. त्याच्या उलट २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपल्यानं कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. अनेकांनी जॅकेट विमानात असतानाच फुगवलं. पाणी आत शिरल्यावर फुगलेल्या जॅकेटनं ती माणसं वर ढकलली गेली आणि दरवाजापर्यंत खाली बुडी मारता न आल्यानं अडकली. १७५पैकी १२५ जण गेले. जॅकेट आसनाखालून काढून घालावं आणि दरवाजातून बाहेर पडतानाच फुगवावं, असं प्रत्येक उड्डाणात सांगतात ते याचसाठी.

धक्क्याची वेळ

कॅप्टन किंवा कर्मचारी ‘ब्रेस’ असं ओरडले की धक्का बसण्याआधी अंग आवळून घ्यायचं असतं. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं विमान महामार्गाच्या कडेला कोसळलं. १२६पैकी ७९ जण वाचले, पण त्यांच्या डोक्याला आणि पायांना झालेल्या जखमा पाहून डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसले. त्यातून शरीर सावरण्याची सुधारलेली पद्धत ठरली. कंबर मागे टेकवून पट्टा घट्ट करायचा, पुढे वाकून डोकं समोरच्या आसनावर टेकवायचं आणि दोन्ही हात डोक्यावर एकावर एक ठेवायचे. बोटं एकमेकांत अडकवायची नाहीत, कारण ती मोडली तर पुढे पट्टाही सोडता येणार नाही. पाय पूर्ण जमिनीला टेकवून गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यायचे. समोर आसन पोचत नसेल तर पुरतं वाकून पोटऱ्या धरायच्या.

मांडीवरच्या बाळाची गोष्ट वेगळी. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान कोसळलं. २९६पैकी १८४ जण वाचले. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्य कर्मचारी जॅन ब्राउन यांनी मांडीवरची मुलं गुंडाळून जमिनीवर ठेवायला पालकांना सांगितलं होतं. त्यांतलं एक मूल गेलं. जॅन ब्राउन यांनी पुढची कित्येक वर्षं बाळालाही स्वतंत्र आसन हवं, या मागणीसाठी घालवली. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करायची मुभा भारतातही आहे. विमान कंपन्या त्यासाठी जादा छोटा पट्टा देतात, तो पालकाच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधायचा असतो. परवडत असेल तर बाळासाठी वेगळं तिकीट आणि विमानासाठी मान्य असलेलं बालआसन यांहून चांगली व्यवस्था नाही.

घरच्यांना सांगावं असं

जपान एअरलाइन्सनं २००६मध्ये हानेदाजवळ एक सुरक्षा केंद्र उघडलं. १२३ क्रमांकाच्या विमानाचे अवशेष तिथे जपून ठेवले आहेत आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ते दाखवले जातात. आपल्या कामावर किती माणसांचे जीव अवलंबून आहेत, हे नव्या पिढीला कळावं म्हणून ही व्यवस्था आहे. प्रवाशांसाठी असं केंद्र नसतं. त्यांच्यासाठी असतात उड्डाणापूर्वीची दोन-तीन मिनिटं, आणि तेव्हा बहुतेकांची नजर फोनमध्ये असते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून पहिल्यांदा विमानात बसणारे ज्येष्ठ प्रवासी खूप वाढले आहेत. कुणी सहलीच्या गटाबरोबर निघतं, कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जातं. विमानातल्या सूचना बहुधा हिंदी आणि इंग्रजीत असतात, त्याही घाईनं दिलेल्या. विशेषतः ज्येष्ठांना त्या पूर्ण समजतात असं नाही आणि विचारायला संकोच वाटतो. तिकीट काढून देणाऱ्या मुलामुलींनी निघण्याच्या आदल्या दिवशी आई-बाबांशी एवढं बोलून घ्यावं. पट्टा मधून उचलून सोडायचा. मास्क आधी स्वतःला लावायचा. जॅकेट आत फुगवायचं नाही. बॅग सोडून द्यायची. दरवाजापर्यंतच्या रांगा मोजायच्या. कर्मचारी सांगतील ते लगेच करायचं. गुडघे दुखत असतील किंवा ऐकू कमी येत असेल तर विमानात चढतानाच कर्मचाऱ्यांना तसं सांगायचं, म्हणजे गरज पडल्यास मदतीला कोण येणार हे ते आधीच ठरवतात.

आणि समोरच्या आसनाच्या खिशात एक जाड कार्ड असतं, ते काढून पाहायला सांगावं. भाषा येत नसली तरी समजावं म्हणून त्यावर सगळी माहिती चित्रांत दिलेली असते. त्याच विमानाचे दरवाजे कुठे आहेत, ते कोणत्या दिशेनं फिरवून उघडतात, जॅकेट कुठे ठेवलेलं आहे, धक्क्याच्या वेळी कसं बसायचं, हे त्यावर असतं. विमानाचा प्रकार बदलला की कार्डही बदलतं, म्हणून जातानाच्या विमानात पाहिलेलं परतीच्या विमानात पुन्हा पाहावं लागतं.